उजव्या पायाचा रकाना

१४ फेब्रुवारी

ती. आत्या,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मला रडू आल्यामुळे बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. चष्मा लाव आणि बसून वाच.

काल विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. बाळाचा उजवा पाय घोट्यातून आत वळलेला आहे. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. त्यांनी तीनदा यंत्र फिरवून पाहिलं, मला कुशीवर वळवलं, बाहेर फेऱ्या मारून यायला सांगितलं. बाळाने काही पाय सरळ केला नाही. एकटा पायच असेल तर घाबरण्यासारखं काही नाही म्हणाल्या. पण कधी कधी पायाच्या जोडीला पाठीचा कणा किंवा हृदय यांतही काही असतं, ते तीन आठवड्यांनी पुन्हा बघणार आहेत. तोवर जीव टांगणीला.

मग शेजारच्या खोलीत बसवून फॉर्म भरून घेतला. वय किती? छत्तीस. साखर आहे का, नवरा नात्यातला आहे का, फॉलिकच्या गोळ्या कधी सुरू केल्या, ताप आला होता का, कुठली औषधं घेतली, घरात कोणी सिगारेट ओढतं का. कुटुंबात कोणाचा पाय असा आहे का, हेही विचारलं. तेव्हा तुझा पाय आठवला, पण तू तर तीन वर्षांची असताना जिन्यावरून पडलीस, म्हणून 'नाही' सांगितलं. शेवटी विचारलं, कामाच्या ठिकाणी कसल्या वाफेशी, वासाशी संबंध येतो का? तिथेही मी 'नाही' म्हटलं. ते मात्र खोटं होतं.

आमचं बूट बेतायचं काम पुढच्या दोन खोल्यांत चालतं, तू पाहिलंयस. पहिले दोन महिने मला दिवस गेलेत हे कळलंच नव्हतं. रोज त्या चिकटवायच्या सोल्यूशनच्या डब्यावर वाकून मी तळ लावत होते, आणि बाहेर थंडी म्हणून खिडक्या बंद. त्या वासाने डोकं दुखायचं, तरी मला वाटायचं चष्म्याचा नंबर वाढला असेल.

तू तीस वर्षं प्रसूतिगृहाच्या नोंदींच्या खोलीत काढलीस. फॉर्मच्या शेवटी 'संभाव्य कारण' असा एक रकाना असतो, हे तूच सांगायचीस. पाय वळलेल्या बाळांपुढे तिथे काय लिहिलेलं असायचं? मला खरं सांग. आमच्या कारागिराला, म्हणजे तुझ्या जावयाला, मी यातलं काही बोललेले नाही. बाळाच्या पायाचं त्याला माहीत आहे, डब्याचं नाही.

तुझी
साळुंकी


२२ फेब्रुवारी

चि. साळुंकी,

बसून वाचलं. दोनदा वाचलं. मग चहा केला, तो प्यायचा विसरले आणि तिसऱ्यांदा वाचलं.

आधी आकडे सांगते, कारण तीस वर्षं मी तेच केलं. शंभर बाळं जन्मली की दोन-तीन बाळांमध्ये काही ना काही वेगळं निघतंच. कुणाचा ओठ, कुणाचं हृदय, कुणाचा कणा. तुझ्या बाळासारखा पाय हजारात एखाद्याचा. पूर्वी बाळ हातात आल्यावर कळायचं, आता पोटात असतानाच दिसतं, म्हणून लोकांना वाटतं की असली बाळं वाढली. आणि कारणं म्हणशील तर तुला विचारली तीच: आईचं वय, साखर, काही औषधं, जवळच्या नात्यातलं लग्न, सिगारेटचा धूर, फॉलिकच्या गोळ्या न घेणं, सुरुवातीच्या महिन्यांतला एखादा आजार. एवढी लांबलचक यादी असूनही निम्म्याहून जास्त बाळांना यातलं एकही लागू पडत नाही. आमचे साहेब रकाना कोरा सोडू द्यायचे नाहीत, मग तिथे आम्ही 'अज्ञात' लिहायचो. हाताला इतकी सवय झाली होती की एकदा बँकेच्या फॉर्मवर मी घरच्या पत्त्यापुढेही 'अज्ञात' लिहून आले.

सोल्यूशनच्या डब्यापासून मात्र लांब राहा. तो वास पोटातल्या बाळाला चांगला नाही, पायाचं काहीही असो. आणि डॉक्टरीणबाईंना खरं सांग. फॉर्मवर खोटं लिहू नये. हे तुला सांगणारी मी कोण, पण सांगते.

हा पाय बरा होतो, हेही लक्षात ठेव. जन्मल्यावर लगेच दर आठवड्याला पाय थोडा थोडा वळवून प्लास्टर घालतात, अशी पाच-सहा प्लास्टरं. मग टाचेमागच्या शिरेला एक बारीकसा छेद. त्यानंतर दांडीला जोडलेले दोन बूट, आधी दिवसभर, नंतर फक्त झोपेत, अशी चार-पाच वर्षं. कंटाळा न करता घातले तर पोर इतरांसारखी पळते. आमच्या लहानपणी यातलं काही नव्हतं.

जिन्याचं आता कशाला काढतेस. त्याला फार वर्षं झाली. पोटभर जेव आणि उगाच मनाशी कुढत बसू नकोस.

तुझी
आत्या


१० मार्च

ती. आत्या,

आधी चांगली बातमी. परवा पुन्हा तपासणी झाली. हृदयाचे चारही कप्पे नीट आहेत, कणा नीट आहे, मेंदू नीट आहे. फक्त पाय. मी तिथल्या तिथे डॉक्टरीणबाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तुझं ऐकून त्यांना डब्याचंही खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. वाफेपासून दूर राहा म्हणाल्या, पण पाय त्यामुळेच वळला असं मी म्हणणार नाही म्हणाल्या. नाही वळला असंही म्हणाल्या नाहीत. मी घरी येईपर्यंत त्या एका वाक्याला उलटं-सुलटं करून बघत होते. शंभर जणींना सांगायला तुझे आकडे छान आहेत गं, पण मी एकटी आहे आणि मला एकच पाय आहे, म्हणजे बाळाचा.

इथे घरात वेगळंच चाललंय. मला वासाने मळमळतं असं सांगून मी काम बंद केलं. दुसऱ्या दिवशी कारागिराने सोल्यूशनचे डबे उचलून मागच्या अंगणात नेले. आठवडाभराने पाहते तर तो कळबुतं गोणीत भरतोय. कळबूत म्हणजे ज्यावर चामडं ताणून बूट बेततात ते लाकडी पाऊल, तुला आठवत असेल, भिंतभर मांडलेली असतात. त्यातली निम्मी त्याच्या वडिलांच्या हातची. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, 'एका गोदामात काम मिळतंय, एक तारखेपासून जाईन. पुढच्या खोल्या रिकाम्या झाल्या की बाळाला जागा होईल.' एवढंच. आरी आणि रापी ही हत्यारंही तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. पंधरा वर्षांचं काम मोडायला निघालाय आणि माझ्याकडे बघत नाही. मला वाटतं त्याला डब्याचं कळलंय आणि माझा राग आलाय. येणारच. मलाही माझा येतो.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, सरळ विचारते. तुझं पत्र दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यासारखं होतं. मी जे विचारलं ते सोडून तू सगळं सांगितलंस. पाय वळलेल्या बाळांच्या फॉर्मवर तू काय लिहायचीस?

साळुंकी


२७ मार्च

ती. आत्या,

सतरा दिवस झाले. तक्ता म्हटलं म्हणून रागावलीस का? तू कधी मूग गिळून बसणारी नव्हेस, म्हणून काळजी वाटते. बरी आहेस एवढं तरी कळव.

एक तारखेला चार दिवस उरलेत. पाच गोण्या भरून झाल्या.

सा.


२९ मार्च

चि. साळुंकी,

आज तुझं पत्र मिळायच्या आधीच हे अर्धं लिहून झालं होतं. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मला एके ठिकाणी जाऊन यायचं होतं आणि जायचा धीर होत नव्हता.

मी जिन्यावरून पडले नाही.

माझा उजवा पाय जन्मतःच आत वळलेला होता. तुझ्या आजीने लाकडाच्या पट्ट्या बांधून पाहिल्या, तेल चोळून पाहिलं, कुणी सांगेल ते केलं. पाय थोडा सरळ झाला, पुरता नाही. मी बोलायला लागले तशी तिने मला शिकवलं, कुणी विचारलं तर जिन्यावरून पडले म्हणून सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मोठी झाल्यावर मी एकदाच तिला विचारलं की असं का. ती म्हणाली, 'पडलेल्या मुलीकडे लोक मायेने बघतात. तशीच जन्मलेली असली की आधी तिच्या आईकडे बघतात.' मग मी पुन्हा विचारलं नाही. तुझे बाबा माझ्याहून सहा वर्षांनी लहान, त्यांनाही जिनाच सांगितला होता. आमच्या घराला जिना नव्हता, तेव्हा आईने तो आधीच्या घराला लावला, जिथे तुझे बाबा कधी गेलेलेच नव्हते. ते वारले तोवर त्यांना हे ठाऊक नव्हतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आमच्या खोलीत प्रत्येक बाळंतिणीला प्रश्न विचारून मीच फॉर्म भरायचे. ओठ असो, हृदय असो, मी सगळे प्रश्न विचारायचे. पाय वळलेलं बाळ असलं की मात्र 'कुटुंबात कोणाला?' हा प्रश्न माझ्या तोंडून निघायचा नाही. मी तो विचारायचेच नाही. त्यापुढे 'नाही' लिहायचे आणि पुढच्या रकान्यावर जायचे. मला वाटायचं मी त्या आईला एका प्रश्नातून सोडवतेय. खरं तर मी मलाच सोडवत होते.

परवा तिथे जाऊन आले. माझ्या जागी आता एक तरणी मुलगी आहे, कानात बारीक खडे, बोलते भराभर. तिला सगळं सांगितलं आणि जुने फॉर्म काढायला लावले. दोघींनी मिळून सकाळपासून दुपारपर्यंत चाळले. पाय वळलेली एकेचाळीस बाळं माझ्या हातची निघाली आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस ठिकाणी 'नाही'. एकाच वळणाचं अक्षर, एकाच तिरक्या रेघेत. त्यांतल्या कितीजणींची एखादी मावशी, एखादा काका असा असेल, ते आता कुणालाच कळायचं नाही. ती मुलगी ओरडली नाही. प्रत्येक फॉर्मवर तिने पेन्सिलीने लिहिलं, 'विचारलेले नाही', आणि खाली माझी सही घेतली. एकेचाळीस सह्या करून आले. हात दुखतोय, पण झोप चांगली लागली.

तेव्हा साळुंकी, सोल्यूशनला दोष देऊ नकोस, स्वतःला देऊ नकोस. तुझ्या बाळाचा पाय माझ्या पायावर गेलाय. सगळा दोष इकडे पाठव, मला ठेवून घ्यायची सवय आहे. हे पत्र जावईबापूंनाही वाचायला दे आणि गोण्या सोडायला सांग. मी आधी बोलले असते तर तू एवढे दिवस जळत बसली नसतीस. मला माफ कर म्हणायला लाज वाटते, तरी म्हणते.

आत्या


५ एप्रिल

आत्याबाईंना नमस्कार,

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं समजून घ्या. तिला मीच म्हटलं की आधी मला लिहू दे.

तुमचं पत्र तिने मला वाचून दाखवलं. आत्याबाई, मला ठाऊक होतं. आमच्या लग्नात तुमच्या उजव्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि मी तो कोपऱ्यात बसून शिवून दिला होता, आठवतं का? ती चप्पल मी उलटी केली तेव्हा बघितलं. तळ फक्त बाहेरच्या कडेला झिजलेला, आणि पट्ट्याच्या आत कापसाचा बोळा भरलेला. पडून मोडलेल्या पायाचा माणूस असं चालत नाही, तो दुखरी बाजू वाचवून चालतो. जन्मापासूनचा पाय चपलेवर वेगळा दिसतो. माझ्या वडिलांनी मला असे तळ दाखवून शिकवलंय. पण तुम्ही जिना सांगायचात, तर जिना. दुसऱ्याच्या पायाची गोष्ट मी का सांगू?

तिच्या मनात डब्याचं एवढं घर करून बसलंय, हे मला माहीत नव्हतं. मी गोण्या भरत होतो ते तिच्यावर रागावून नाही. थंडीत चामडं आखडतं म्हणून त्या दोन महिन्यांत खिडक्या मीच बंद ठेवल्या होत्या. माझ्या कामाने माझ्या बाळाचा पाय वाकडा झाला असं वाटलं आणि ते काम पुन्हा हातात धरवेना. तिला बोललो असतो तर तीही घाबरली असती. एका घरात बसून दोघांचंही मन आपापलं खात होतं.

तुमचं पत्र घेऊन दोघंही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, घराण्यात असलं की शक्यता थोडी वाढते, पण आत्याचा पाय म्हणून भाचीच्या बाळाचा पाय असं सरळ गणित नसतं. खिडकी चुकीची होती, ती सुधारा, पण पायाचा दोष कुणाच्याच नावावर लावता येत नाही. तेव्हा तुम्ही मागितलेला दोष आम्ही पाठवत नाही.

गोदामाला येत नाही म्हणून कळवलं. कळबुतं पुन्हा भिंतीवर लावली. चिकटवायचं काम आता अंगणातल्या छपराखाली, आणि ती त्या बाजूला फिरकत नाही.

एक काम आहे. कोरा कागद जमिनीवर ठेवा, त्यावर उजवा पाय अनवाणी ठेवून उभ्या राहा आणि पेन्सिल उभी धरून कडेने रेघ मारा. पेन्सिल तिरकी नको. मग डावा. दोन्ही कागद पाठवा.

तुमचा जावई


१५ एप्रिल

जावईबापू आणि साळुंकी,

सोबत दोन पाय पाठवत आहे. वाकून रेघ मारताना दोनदा तोल गेला, म्हणून शेजारणीला बोलावलं. माझा पाय आजवर तुझ्या आजीशिवाय कुणी अनवाणी पाहिला नव्हता. शेजारीण म्हणाली, 'हलू नका हो, गुदगुल्या होतात का?' तिला त्यात दुसरं काही दिसलं नाही.

पंधरा वर्षं तुम्हाला माहीत होतं, जावईबापू, आणि दर भेटीत मी तुम्हाला जिना सांगत राहिले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मला या वयात कळलं. तुमचं पत्र उशाशी ठेवलंय.

आत्या


२० जुलै

ती. आत्या,

मुलगी. फोनवर तुला एवढंच ऐकू आलं असेल. तीन किलोला थोडी कमी, आवाज तुझ्यासारखा, म्हणजे पलीकडच्या खोलीतल्यांनाही ऐकू जातो. उजवा पाय सोनोग्राफीत होता तसाच आत वळलेला. मला वाटलं होतं बघून रडू येईल. मी तो हातात घेतला तर माझ्या मुठीत नीट बसला, इतका की मला वाटलं त्याला तिथेच बसायचं होतं. मग रडले, पण वेगळ्या कारणाने.

तीन प्लास्टरं झाली. प्लास्टर घालताना ती किंचाळते आणि तिचा बाप बाहेर जाऊन उभा राहतो. आत येतो तेव्हा डोळे लाल. मी विचारलं तर म्हणतो, प्लास्टरची धूळ गेली. बाहेर कुठली धूळ?

आता तुला सांगायची गोष्ट. जन्माच्या दुसऱ्या दिवशी इथल्या नोंदवाल्या बाई फॉर्म घेऊन पलंगाशी आल्या. सगळे प्रश्न झाले. पायाचा आला तशी त्यांनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाल्या, 'कुटुंबात कोणाला नाही ना?' आत्या, त्या 'नाही ना' मध्ये मला तू दिसलीस. मी म्हटलं, 'आहे. माझ्या आत्याला. उजवाच. मोठ्या अक्षरात लिहा.' त्या चपापल्या, मग हसल्या, आणि लिहिलं. 'संभाव्य कारण' पुढे मात्र 'अज्ञात'च आलं. मला आता त्या शब्दाचं काही वाटत नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते आपलं घर. तू माझी माफी मागितलीस, ती मी कधीच दिली, पण थोडा रागही ठेवलाय. तुझ्या बोलण्याला उशीर झाला म्हणून नाही. एवढी वर्षं तू एकटीने तो पाय ओढलास आणि मला कधी हात लावू दिला नाहीस म्हणून. लहानपणी मी तुझे पाय चेपायला यायचे तेव्हा तू डावाच पुढे करायचीस, आठवतं?

कारागिराने पार्सल पाठवलंय. भिंतीवर आता एक नवीन कळबूत आहे, तुझ्या उजव्या पायाचं. त्याखाली एक मोकळा खिळा ठोकून ठेवलाय, पिल्लू चालायला लागली की तिच्यासाठी.

तुझी
साळुंकी


३ ऑगस्ट

चि. साळुंकी,

पार्सल मिळालं. जावईबापूंना सांग, बूट बसले. नुसते बसले म्हणून भागत नाही, पण दुसरा शब्द सापडेना. उजवा डाव्याहून बोटभर आखूड, आणि बाहेरच्या कडेला आतून उचललेला, म्हणजे पाय जिथे कलतो तिथे खाली काहीतरी आहे. पासष्ट वर्षं पायाखाली काही नसायचं. घालून बसले आणि बराच वेळ नुसती पायांकडे बघत राहिले. कापसाचा बोळा सवयीने हातात घेतला होता, तो टाकून दिला.

मग तेच घालून पोस्टात गेले, तिकिटं आणायला. खिडकीवर नवी बाई आहे. माझी चाल बघून म्हणाली, 'आजी, पायाला काय लागलं?' जिना अगदी ओठावर आला होता. मी तो गिळला. म्हटलं, 'काही लागलं नाही. मी आले तीच अशी. माझ्या भाचीची लेकही अशीच आलीय, गेल्याच महिन्यात.' ती म्हणाली, 'हो का? बाळ-बाळंतीण बरी आहेत ना?' आणि तिकिटं मोजून दिली. एवढंच झालं. तुझ्या आजीने आणि मी मिळून जे टाळलं ते एवढंच होतं. तिला हे सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात येते. पिल्लूचा पाय मला हातात घ्यायचाय, आणि या खेपेला चेपायला मी उजवा पुढे करीन. स्टेशनवर घ्यायला कुणी येऊ नका, मी चालत येईन. तुमच्याकडे वरच्या मजल्याला जिना आहे, हे लक्षात आहे. त्यावरून मी अजून एकदाही पडलेले नाही.

तुमची
आत्या